गाडीचं कपाळ

आईनं गाडी विकायला होकार दिला, पण एक अट घातली. गाडी न्या, स्टेपनी न्या, मागच्या सीटवरचं मी विणलेलं क्रोशाचं कव्हरसुद्धा न्या. पुढचा बिल्ला तेवढा माझ्याकडे राहील.

बिल्ला म्हणजे कंपनीचा. बॉनेटच्या पुढच्या टोकाला, मधोमध बसवलेला, कुंकवाच्या करंड्याच्या झाकणाएवढा. त्याच्यात जपून ठेवण्यासारखं काय आहे ते मला कळेना, आणि माझ्या भावाला, आदर्शला, तर अजिबातच कळेना.

ही २००४ सालची गोष्ट. दसरा होऊन चार दिवस झाले होते. मी बाळंतपणाला माहेरी, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आले होते आणि माझी श्रुती चाळीस दिवसांची होती. मला दिवसाचा हिशेब तिच्या दुधावर लागायचा; बाकी जगात काय चाललंय ते खिडकीतून दिसेल तेवढंच. खिडकीतून बोळ दिसायचा आणि बोळात आमची फियाट. ताकाच्या रंगाची. पाच वर्षं जागची हलली नव्हती म्हणावं इतकी कमी हललेली.

गाडी बघायला हातकणंगल्याहून बाळासो आले होते. गावात त्यांची दुधाची डेअरी. धिप्पाड माणूस, आवाज असा की श्रुती झोळीत दचकली. त्यांनी इंजिन नीट बघितलंसुद्धा नाही. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, हाताची पालथी बाजू दारावरून फिरवली.

"रंग मूळचा हाय न्हवं?"

"मूळचा हाय," आदर्श म्हणाला.

"तीन गाड्या बघून आलो. तिन्ही लिंपलेल्या. ही बघून जीव गार झाला." मग आईची अट ऐकून ते मोठ्यानं हसले. "मावशी, बिल्ला काय, आरसा बी काढून घ्या की! पर एक सांगून ठेवतो. बिल्ला काढताना रंगाला नखाएवढा ओरखडा उठला, तर गाडी हितंच ऱ्हाईल. मी रंगासाठी घ्यायलोय, इंजनासाठी न्हवं. इंजान काय, बांधून घेतो."

"न्हाई उठायचा," आई म्हणाली.

"रविवारी येतो मग. मंडळींना घेऊन."

ते गेल्यावर आदर्श आईपुढे येऊन बसला. तो तेव्हा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, ओतकामाच्या कारखान्यात लागला होता. रोज मोटरसायकलवरून जायचा, संध्याकाळी भुवया काळ्या करून यायचा. गाडी विकायची घाई त्याला होती, आणि ती चुकीची नव्हती. सीटमध्ये उंदरांनी घर केलं होतं. तालमीची पोरं दर मिरवणुकीला गाडी ढकलून कडेला लावायची आणि दर वेळी आम्हाला ऐकवायची. उभी गाडी सडते. हे गिऱ्हाईक गेलं असतं तर पुढचं गिऱ्हाईक भंगारवालाच.

"आई, तसला बिल्ला बाजारात मिळतोय. नवा कोरा आणून देतो. माळंत ओवून घाल गळ्यात."

"मला नवा नको. ह्योच पायजे."

"का पण?"

"पायजे म्हंजे पायजे. तुला काय करायचंय?"

"आक्का, सांग की हिला." तो माझ्याकडे वळला. मी श्रुतीची ढेकर काढत होते. मी काय सांगणार?

*

खरं तर बिल्ल्याचं खूळ आईच्या डोक्यात आण्णांनीच घातलं होतं.

आमचे आण्णा, गणपतराव, उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डर होते. काळ्या वाळूत नमुना दाबायचा, तो अलगद उचलायचा, राहिलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. त्यांच्या खिशात, कानात, जेवणाच्या डब्यात ती वाळू असायची. १९९३ साली मालकांनी जुनी गाडी काढली आणि आण्णांनी ती घेतली. सायकलवरून एकदम गाडी. पेठेत लोक म्हणाले, गणपतरावाला ऊन लागलं. आण्णा गाडी चालवायला शिकले नव्हते. मालकांच्या ड्रायव्हरनं ती बोळात आणून लावली, आणि आण्णा शेजारच्या सीटवर असे बसून आले की जणू वरातीचे तेच नवरदेव.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला आई हळद-कुंकवाचं ताट घेऊन गाडीपुढे उभी राहिली. घरातल्या विळीला, खुरप्याला, आण्णांच्या थापीला कुंकू कुठं लावायचं ते तिला माहीत होतं. गाडीला कुठं लावायचं ते नव्हतं.

"हिचा देव कुठं असतो ओ?"

आण्णांनी बिल्ल्यावर टिचकी मारली. "ह्यो काय. ह्ये कपाळ हाय हिचं."

ते थट्टेनं बोलले होते. आईनं ते खरं धरलं. त्या दिवसापासून दर खंडेनवमीला, दर पाडव्याला, लांबच्या गावाला निघायच्या आधी, आई तेलाचं बोट कुंकवात बुडवून कंपनीच्या बिल्ल्यावर टेकवायची. पुढं पुढं तर शुक्रवारीसुद्धा. सगळ्या कोल्हापुरात गाड्यांना बॉनेटवर स्वस्तिक निघायचं, लिंबू-मिरची लटकायची. कंपनीच्या बिल्ल्याला सवाष्ण समजून कुंकू लावणारी आमची आईच. आण्णा तिला चिडवायचे. "झुंबर, कंपनीच्या सायबाला कळलं तर तुला साडी-चोळी धाडंल बघ."

१९९५ च्या उन्हाळ्यात एका लग्नाला गेलो होतो. मांडवाबाहेर गाडी लावली, जेवून आलो, तर बिल्ला नाही. कुणीतरी उचकटून नेला होता. बॉनेटला नुसती दोन भोकं, एकमेकांकडे बघत असलेली.

आईनं गाडीत पाय ठेवला नाही. "कपाळ मोकळं झालं," एवढंच म्हणाली आणि रस्त्याला लागली. भर उन्हात, जरीच्या साडीत. आण्णा गाडीतून उतरून तिच्या मागं. त्यांच्या मागं गाडी रांगवत मालकांचा ड्रायव्हर, लग्नापुरता मागून आणलेला. मी तेरा-चौदा वर्षांची होते. मला हसू येत होतं आणि हसायची भीतीही वाटत होती. कोपऱ्यावर एस.टी. मिळाली आणि आई तिच्यात चढली.

आठ दिवस ती गाडीकडे बघेना. आण्णांना कामावर निघताना दारापर्यंत पोचवायला यायची आणि तिथंच थांबायची, त्यांचा शर्ट धरून. कधी न थांबणारी बाई. आण्णांच्या छातीत तेव्हापासूनच मधूनमधून दुखायचं, हे मला नंतर कळलं. आईला तेव्हाही ठाऊक होतं.

नवव्या दिवशी आण्णा संध्याकाळी शीळ घालत आले. "झुंबर, ये भाईर. सापडला!"

बिल्ला जागच्या जागी बसलेला होता. आण्णांनी सगळी हकिगत सांगितली. भंगारवाल्याच्या पोत्यात कसा दिसला, तो कसा देईना, त्याला पोलिसाची भीती कशी घातली, मग तो कसा पाया पडला. भंगारवाल्याच्या मिशीचंसुद्धा वर्णन केलं. आदर्शनं ती गोष्ट त्या महिन्यात वीस वेळा सांगायला लावली. आई आतून ताट घेऊन आली, कुंकवाचं बोट बिल्ल्यावर टेकवलं, आणि जरा वेळ ते तसंच टेकवून राहिली.

"सापडला का," ती म्हणाली. "बरं झालं."

१९९९ साली, कामावरच, आण्णा गेले. त्याबद्दल मला इथं लिहायचं नाही.

तेव्हापासून आईचं कपाळ मोकळं. आमच्या घरात कुणी तिला सांगितलं नव्हतं की पूस म्हणून. पण हळदी-कुंकवाचं बोलावणं येईना, आणि ती दुसऱ्याच्या दारात पहिल्यासारखी जाईना. करंडा मात्र ठेवला होता तिनं. खंडेनवमीला तो बाहेर निघायचा. सकाळी कुणी उठायच्या आत बोळात जाऊन ती गाडीला कुंकू लावून यायची. दसऱ्याच्या त्या दिवसांत मी श्रुतीला पाजत खिडकीशी बसले होते, म्हणून मला पाठमोरी दिसली. तेल, कुंकू, बोट. मग पदरानं बोट पुसून, इकडंतिकडं बघून आत.

*

शनिवारी आदर्शला सुट्टी होती. सकाळीच तो डिसमिस घेऊन गाडीपुढे बसला. आधी बॉनेट उघडून त्यानं आतून चाचपलं. असल्या बिल्ल्यांना मागं खिट्या असतात, त्या आतून सोडवल्या की बिल्ला हातात येतो, असं तो आदल्या रात्री मला समजावून सांगत होता.

"आक्का, खिट्याच न्हाईत," तो खिडकीतून म्हणाला. "भोकं आतनं बुजवल्यात. कशानं तरी चिकटवलाय ह्यो."

"मग?"

"मग काय, उचकटतो."

त्यानं डिसमिसचं टोक बिल्ल्याच्या कडेला लावलं आणि घरातून आई अशी ओरडली की तालमीच्या पायरीवर बसलेली दोन पोरं उठून उभी राहिली.

"हात लावशील तर बघ! ठेव ते! आरं, कातडं सोलतंयस का काय?"

"मग कसा काढू? मंतर म्हणू?"

त्याच वेळी धोंडुबाई आल्या. श्रुतीला तेल लावून न्हाऊ घालायला त्या रोज यायच्या. मलाही त्यांनीच न्हाऊ घातलं होतं, आदर्शलाही. पेठेतल्या निम्म्या पोरांची टाळू त्यांनी भरली असेल. त्यांनी पिशवी ठेवली, बोळातला तमाशा क्षणभर बघितला आणि आत येऊन पाटावर पाय पसरून बसल्या. मी श्रुतीला त्यांच्या पायांवर ठेवलं.

श्रुतीच्या टाळूवर तेव्हा खपली धरली होती. पिवळट, पापुद्र्यापापुद्र्याची. मला ती बघवायची नाही. एकदा नखानं काढायला गेले तर धोंडुबाईंनी हातावर चापट मारली होती. त्यांची रीत वेगळी. आधी कोमट पाण्याचा फडका टाळूवर ठेवायचा. मग तेल. मग गप्पा मारत बसायचं. चांगला अर्धा तास. मग त्याच फडक्यानं वर्तुळात फिरवायचं, ओढायचं नाही. खपली आपली आपण सुटून येते, खालची कातडी गुलाबी ती गुलाबीच.

त्या दिवशी त्यांच्या बोटांखाली खपली सरकताना मी बघितली आणि बाहेर बघितलं. आदर्श हातात डिसमिस घेऊन रुसल्यासारखा उभा होता.

"धोंडुबाई," मी म्हटलं, "गाडीची काढाल का अशीच?"

त्यांनी आधी माझ्याकडे, मग खिडकीतून गाडीकडे बघितलं. "तिला काय झालंय? ती काय वरडणार न्हाई, मुतणार न्हाई. काढू की."

मग आमच्या बाळंतिणीच्या खोलीतलं सगळं सामान बाहेर निघालं. बंबातलं पाणी, श्रुतीचे दोन मऊ लंगोट, खोबरेल तेलाची वाटी, कापसाचा बोळा. आईनं मला दारातच अडवलं. "कानाला बांध आधी. वारं लागंल." मी कानाला रुमाल बांधला. मग तिनंच माझ्या हातातल्या बांगड्या उतरवल्या, अंगठी काढली, आणि मंगळसूत्र उचलून पाठीवर टाकलं. "वाकलीस की घासंल रंगाला." तिच्या स्वतःच्या हातात काढण्यासारखं काही नव्हतं.

गाडी सावलीतच होती, ते बरं झालं. तापलेल्या पत्र्यावर तेल लगेच वाळलं असतं. आईनं पाण्यात कोपर बुडवून बघितलं, बाळाच्या पाण्यात बुडवतात तसं.

"थंड हाय," आदर्श म्हणाला. "उकळतं घाल की. लवकर सुटंल."

"आन् रंग? रंगाला फोड आले मग?" धोंडुबाई म्हणाल्या. "तू तुझ्या कारखान्यात उकळ जा."

ओला लंगोट घडी करून बिल्ल्यावर ठेवला. थंड झाला की दुसरा. असे सात-आठ वेळा. मग कडेनं कापसानं तेल सोडलं, अगदी थेंबाथेंबानं, वरच्या बाजूनं, म्हणजे ते आपोआप आत उतरेल. आणि मग वाट बघायची. आदर्शला वाट बघता येत नव्हती. तो दर दोन मिनिटांनी बोटानं बिल्ला हलवून बघायचा आणि आई दर दोन मिनिटांनी त्याच्या बोटावर मारायची. मध्ये श्रुती रडली, मी आत जाऊन तिला पाजून आले, तरी बिल्ला तिथंच होता आणि त्याच्याकडे टक लावून तिघंही तिथंच होती.

सुटायला काहीतरी मागून घालावं लागणार होतं. सुरी नको, पत्र्याची पट्टी नको. आई आत गेली आणि वाकळ शिवायचा दोरा घेऊन आली. श्रुतीसाठी ती जुन्या साड्यांची वाकळ शिवत होती, तिचाच दोरा, जाड, पांढरा. तिनं तो मेणबत्तीवरून दोनदा ओढला, मग तेलातून.

"धर," ती मला म्हणाली.

एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. दोरा बिल्ल्याच्या वरच्या कडेला मागं अडकवला आणि आम्ही दोघी खालीवर नाही, आडवा, इकडून तिकडे ओढू लागलो. ती ओढायची तेव्हा मी सैल सोडायचे. मी ओढायचे तेव्हा ती. लहानपणी आम्ही अशाच धुतलेल्या साड्या पिळायचो. पहिल्यांदा दोरा जागचा हलेना. मग काहीतरी मऊ कापल्यासारखं झालं आणि तो केसभर खाली उतरला.

"घाई नको," आई पुटपुटत होती, मला का स्वतःला कुणास ठाऊक. "घाई नको. येतोय. आपला आपण येतोय."

दोरा दोनदा तुटला. आई दोन्ही वेळा नवा ओढून मेणावरून फिरवून घ्यायची. तिच्या कपाळावर घाम आला होता. मला तेव्हा पहिल्यांदा खरोखर भीती वाटली. बिल्ल्याखालून रंगाचा पोपडा निघाला तर बाळासो गाडी नेणार नाहीत, एवढंच नाही. तो पोपडा आईच्या हातून निघालेला असेल.

शेवटी दोरा खालच्या कडेतून बाहेर पडला. बिल्ला सटकला आणि आईनं दोरा सोडून पुढं केलेल्या ओंजळीत पडला.

"सुटली बया," धोंडुबाई म्हणाल्या.

*

रंग शाबूत होता. चिकटलेलं काळं सोल्युशन, चपलेच्या तळव्यांना लावतात तसलं, मी अंगठ्यानं गोल गोल मळून काढलं. श्रुतीच्या मानेच्या वळीतला मळ निघतो तशा त्याच्या बारीक वळ्या निघाल्या. मग लंगोटाला जरासं रॉकेल लावून तेल पुसलं, मग साबणाचं पाणी. खाली ताकाचा रंग, बाहेरच्यापेक्षा नवा, ओला असल्यासारखा. दोन बुजवलेली भोकं इतकी सफाईनं बुजवलेली की बोटालाच कळावीत.

आदर्शनं आईच्या हातातून बिल्ला घेतला आणि उलटा केला. मग त्यानं अंगठा बिल्ल्याच्या पाठीवरून फिरवला, कारखान्यात तो रोज शेकडो तुकड्यांवरून फिरवत असेल तसा.

"आई," तो म्हणाला, "ह्यो कंपनीचा न्हाय."

मी बघितलं. पाठ खरबरीत होती. बारीक बारीक खड्डे, वाळूचे. एका कोपऱ्यात काळा कण अजून रुतलेला.

"ह्यो वाळूत ओतलाय. हातानं. हितं बघ, धातू सोडलेली जागा कानशीनं घासली हाय." त्याचा आवाज बदलला. "ह्यो आण्णांनी केलाय. सापडला-बिपडला काय न्हवता. आई, भंगारवाला न्हवताच!"

मला त्या भंगारवाल्याची मिशी आठवली.

आई पदराच्या टोकानं हाताला लागलेलं तेल पुसत होती. "ठावं हाय मला," ती म्हणाली.

"काय?"

"ठावं हाय म्हटलं की. जुन्याच्या कडंला टवका उडालता. कुंकू लावताना माझं बोट त्याला लागायचं, दर टायमाला. ह्याला टवका न्हवता." तिनं बिल्ला आदर्शच्या हातातून परत घेतला. "पहिल्याच दिशी कळलं."

"आन् नमुना कुणाचा घेतलता?"

"टॅक्सीवाल्या आकारामचा. त्याची बी फियाटच. एक दीस बिनबिल्ल्याची फिरत हुती. मी बाजारातनं येताना बघितली की."

"मग बोलली का न्हाईस?" आदर्श जवळजवळ ओरडलाच. "चार वर्सं! आण्णा हुते तवर तरी!"

आईनं त्याच्याकडे बघितलं, आम्ही लहानपणी फार खुळ्यासारखं काही विचारलं की बघायची तसं.

"माणसानं एवढं राबून आणलं. माझ्यासाठी खोटं बोलला. मिशी बिशी सांगितली. आन् मी त्याला म्हणू, ह्यो न्हवं त्यो? सापडला म्हणाले, मी बरं झालं म्हटलं." ती वाकून दोऱ्याचे तुटके तुकडे गोळा करायला लागली. "त्यास्नी बी ठावं असंल, मला ठावं हाय म्हणून. काय सांगावं."

धोंडुबाईंनी नाक ओढलं आणि लंगोट धुवायला नळावर गेल्या.

पण एक गोष्ट राहिली होती. बिल्ल्याच्या जागेभोवती एक लाल कडं उमटलं होतं. अकरा वर्षांचं तेल आणि कुंकू बिल्ल्याच्या कडेनं झिरपून रंगात मुरलं होतं, आणि खालच्या बाजूला एक ओघळ उतरला होता, करंगळीएवढा. बिल्ला होता तोवर ते कुणाच्या डोळ्यांत भरलं नव्हतं. आता त्याच्याशिवाय काही दिसत नव्हतं. साबणानं गेलं नाही. रॉकेलनं फिकटसुद्धा झालं नाही. आदर्श म्हणाला पॉलिश मारतो, मी म्हटलं घासलंस तर तेवढीच जागा उघडी पडेल.

संध्याकाळपर्यंत आईनं बिल्ला नऊवारीच्या घोळात खोचून ठेवला होता आणि दर थोड्या वेळानं बोळात जाऊन तो डाग बघून येत होती.

"माझ्यामुळं झालं," ती मला म्हणाली. "आन् बघ ना कशी दिसाय लागली. मीच बोडकी केली तिला."

*

रविवारी अकरा वाजता बाळासो आले, बरोबर त्यांची बायको चिमणाबाई. हिरवं लुगडं, मोठं गोल कुंकू, चपला बाहेर काढताना बोळातल्या कुत्र्यालाही "सरक की रं" म्हणून जागा करून घेणारी.

बाळासो सरळ गाडीच्या पुढं गेले. वाकले. चष्मा लावला.

आई दारात उभी होती. मी तिच्या मागं, श्रुतीला खांद्यावर घेऊन. आईनं माझं मनगट धरलं होतं, हे मला ती दाबायला लागली तेव्हा कळलं.

"ओरखडा न्हाई," बाळासो म्हणाले. मग बोट पुढं आलं. "ही भोकं?"

"वडलांनी बुजवलेली," आदर्श म्हणाला. "जुनी हायत."

"कळत बी न्हाईत. कसबी माणूस." बोट सरकलं. "आन् ह्यो लाल डाग कशाचा म्हणायचा? ह्यो मागच्या टायमाला न्हवता."

आदर्श काहीतरी बोलायला गेला, पण आईच पुढं झाली.

"कुंकवाचा हाय. मी लावत हुते. अकरा वर्सं. निघंना. तुम्हास्नी नको असंल गाडी तर नका घेऊ, माझी काय तक्रार न्हाई."

बाळासोंनी चष्मा काढला. त्यांना डाग आवडला नव्हता, ते दिसत होतं. एवढा मूळचा रंग, आणि ऐन तोंडावर. ते बायकोकडे वळले. "बघ गं. काय करायचं?"

चिमणाबाई गाडीपुढं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी डाग बघितला, मग आईचं कपाळ बघितलं. फार वेळ नाही.

"काय करायचं म्हंजे?" त्या नवऱ्यावर खेकसल्या. "लेक सासरला धाडताना कपाळ पुसून धाडत्यात का? चांगलं कुंकू लावून दिलंय त्यानी, आन् तुम्ही चष्मा लावून काय शोधतायसा!"

"मी कुठं काय म्हटलं?"

"मग बसा गप." त्या आईकडे वळल्या. "मावशी, करंडा आणा. निघायच्या आधी लावा की कुंकू. तुमची लेक, तुम्हीच लावायचं."

आईनं मान हलवली. "मी नको. तुम्ही लावा. सवाष्ण हायसा."

"आता हो? अकरा वर्सं कुणी लावलं? मी आलते का हातकणंगल्यासनं?"

बोळात कुणी हसलं. तालमीच्या पायरीवरची पोरं, दळण घेऊन चाललेली एक बाई, शेजारच्या खिडक्या, सगळ्यांसमोर लावायचं होतं. पाच वर्षं आई हे सगळे उठायच्या आत उरकून घेत आली होती.

मीच आत गेले आणि करंडा घेऊन आले, एका हातात श्रुती, एका हातात तो. तेल आणायचं विसरले. आईनं इकडंतिकडं बघितलं, आणि मग श्रुतीच्या टाळूवर बोट टेकवलं. ती सकाळीच तेलानं चिंब भरली होती. तेच बोट तिनं कुंकवात बुडवलं आणि गाडीपुढं जाऊन त्या लाल कड्याच्या मधोमध टेकवलं.

तिथं आता टवका नव्हता, बिल्ला नव्हता. नुसता गुळगुळीत रंग. तरी तिनं बोट जरा वेळ तसंच ठेवलं.

गाडी चालू व्हायला चार धक्के लागले. पोरांनी ढकलली, या वेळी काही न ऐकवता. बोळाच्या तोंडाशी बाळासोंनी विनाकारण हॉर्न वाजवला आणि ती ताकाच्या रंगाची गाडी कोपऱ्यावरून वळली.

"घे की पोरीला नीट," आई मला म्हणाली, "मान लटपटतीय तिची." आणि हात धुवायला आत निघाली. मग थांबली, बोटाकडे बघितलं, आणि न धुताच चुलीपुढं जाऊन बसली.

*

आता श्रुती पाच वर्षांची आहे. आजोळी गेली की शिवणाच्या डब्यातून बिल्ला काढून कणकेच्या गोळ्यावर दाबत बसते आणि आईला म्हणते, आज्जी, बघ, ठसा आला. आई म्हणते, जरा जपून उचल, कडा मोडतीय.

दर खंडेनवमीला हातकणंगल्याहून फोन येतो. पहिल्या वर्षी चिमणाबाईंनी विचारलं होतं, "मावशी, ह्यानी नवा बिल्ला आणलाय कंपनीचा. लावू का?"

"लावा की," आई म्हणाली होती. "लावा. गाडी तुमची हाय." मग जरा थांबून, फोनची तार बोटाला गुंडाळत, "पर खिट्या नका मारू तेवढ्या. भोकं त्यानी बुजवल्यात."